पीआरबी युटिलायझेशन ७२ टक्के, तरी नेट स्लो का? वायरलेस नेटवर्क आणि क्यूइंग थिअरी

रेडिओवाला_पुणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नेटवर्क ऑप्टिमायझेशनमध्ये काम करतो, कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे नियम असा आहे की सेलचं (सेल म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाची हद्द) पीआरबी युटिलायझेशन बिझी अवरला ७५ टक्क्यांच्या वर गेलं तरच नवीन कॅरिअरचा (म्हणजे जादा फ्रिक्वेन्सी पट्ट्याचा) प्रस्ताव पुढे पाठवायचा, त्याच्या खाली असेल तर "सेलमध्ये अजून जागा आहे" असं धरलं जातं.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एलटीईमध्ये (फोरजीत) फ्रिक्वेन्सीचे १८० किलोहर्ट्झचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना फिजिकल रिसोर्स ब्लॉक, थोडक्यात पीआरबी म्हणतात. १० मेगाहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये असे ५० ब्लॉक बसतात आणि बेस स्टेशनमधला शेड्युलर दर मिलिसेकंदाला ठरवतो की यातले कुठले ब्लॉक कोणाच्या फोनला द्यायचे. तासाभरात दिलेल्या ब्लॉकची एकूण ब्लॉकशी टक्केवारी काढली की झालं युटिलायझेशन.

आता अडचण. हॉस्टेलं आणि पीजी असलेल्या भागातला एक सेल आहे, बिझी अवर रात्री साडेनऊ ते साडेदहा, युटिलायझेशन ७२ टक्के. म्हणजे नियमात बसत नाही. पण तक्रारींचा ढीग आहे आणि तिथे उभं राहून स्पीड टेस्ट केली तर ३ एमबीपीएसच्या आसपास मिळतो, पहाटे त्याच जागेवर ३०. २८ टक्के जागा शिल्लक आहे तर मग स्पीड दहा पटीने का पडतो हे मला वरिष्ठांना आकड्यांत दाखवायचंय. कॉलेजात क्यूइंग थिअरी (रांगांचं गणित) होती, एम/एम/१ वगैरे आठवतं, पण ते इथे नेमकं कसं लावायचं? जाणकारांनी कृपया लिहावं. फक्त उत्तर नको, मॉडेल का निवडलं तेही सांगा.


वाचनवेडा

वाखु साठवली. वाचतोय.


जुना_एक्सचेंजवाला

चांगला विषय काढलात. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, आता निवृत्त आहे. तुमच्या एलटीईतलं मला फारसं कळत नाही पण या शास्त्राचा जन्मच आमच्या घरात झालाय म्हणून लिहितो.

कोपनहेगन टेलिफोन कंपनीत ए. के. अर्लांग नावाचे गणिती होते, १९०८ साली नोकरीला लागले. कंपनीपुढे प्रश्न साधा होता, गावात इतके फोन आहेत तर एक्सचेंजमध्ये लाइनी किती ठेवायच्या? जितके फोन तितक्या लाइनी ठेवणं परवडत नाही आणि कमी ठेवल्या तर लोकांना एंगेज टोन. १९०९ मध्ये त्यांनी दाखवलं की कॉल येण्याचा क्रम पॉयसॉन वाटणीप्रमाणे (एकमेकांशी संबंध नसलेल्या, कधीही घडणाऱ्या घटनांप्रमाणे) चालतो आणि १९१७ मध्ये ते सूत्र दिलं ज्याला आज अर्लांग-बी म्हणतात. आमच्या प्लॅनिंगच्या खोलीत त्याची टेबलं भिंतीवर चिकटवलेली असायची, डाव्या कडेला सर्किटची संख्या, वर ब्लॉकिंगची टक्केवारी, मधे बोट ठेवलं की किती अर्लांग ट्रॅफिक झेपेल ते कळायचं. एक लाइन तासभर पूर्ण व्यापलेली राहिली तर एक अर्लांग.

मोबाइल आला तेव्हा टूजीलाही हेच टेबल लावलं. जीएसएमच्या एका २०० किलोहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये ८ टाइमस्लॉट. दोन कॅरिअरचा सेल घ्या, १६ स्लॉट, त्यातले साधारण दोन सिग्नलिंगला (कॉल जोडण्याच्या निरोपांना) गेले, उरले १४. टेबलात १४ समोर २ टक्क्यांच्या रकान्यात ८.२ अर्लांग आहे. माणूस बिझी अवरला सरासरी ९० सेकंद बोलतो असं धरलं तर एका ग्राहकाचे ०.०२५ अर्लांग, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास ग्राहक त्या सेलवर सुखाने नांदतात. हे २ टक्के हवेतून आलेले नाहीत, ट्रायच्या २००९ च्या नियमावलीतही ट्रॅफिक चॅनल कंजेशनची मर्यादा २ टक्केच होती.

आता तुमच्या प्रश्नाशी संबंध. त्या १४ चॅनलवर ८.२ अर्लांग म्हणजे वापर ५९ टक्क्यांच्या आत. ४१ टक्के चॅनल सरासरीने रिकामे आहेत आणि तरी आम्ही म्हणायचो की सेल भरला! ७ चॅनलचा गट असेल तर २ टक्क्यांना २.९४ च अर्लांग, म्हणजे ४२ टक्क्यांतच भरला. ३० चॅनलचा असेल तर २१.९, म्हणजे ७३ टक्क्यांपर्यंत ताणता येतो. तेव्हा "किती टक्क्यांना सेल भरला" याचं एकच उत्तर नसतं, गट केवढा आहे आणि ग्राहकाला काय वचन दिलंय यावर ते ठरतं. तुमच्या साहेबांचा ७५ चा आकडा कुठल्या टेबलातून आला ते आधी विचारा.


रेडिओवाला_पुणे

काका, खूप आभार. ७५ कुठून आला ते खरंच कोणाला सांगता येत नाहीये, आधीपासून चालत आलंय. पण डेटामध्ये कॉल ब्लॉक होत नाही ना, सगळ्यांना आत घेतलं जातं आणि सगळेच हळू होतात. मग अर्लांग-बी कसं लागणार?


गणितवेडी

@रेडिओवाला_पुणे, तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. काकांचं मॉडेल हे लॉस मॉडेल आहे, जागा नसेल तर ग्राहक परत जातो. डेटात कोणी परत जात नाही. म्हणून दोन वेगळी मॉडेल लागतात आणि बहुतेक ठिकाणी इथेच गल्लत होते.

पहिलं तुम्हाला आठवणारं एम/एम/१. एकच लिंक, पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत, पहिला आला तो पहिला गेला. १० एमबीपीएसची लिंक आणि १५०० बाइटचं पॅकेट घ्या, एका पॅकेटला १.२ मिलिसेकंद लागतात. रांगेसकट सरासरी वेळ म्हणजे हे १.२ भागिले (१ वजा लोड). लोड, म्हणजे लिंक व्यापलेली असण्याचं प्रमाण, ५० टक्के असेल तर २.४ मिलिसेकंद, ८० टक्क्यांना ६, ९० ला १२, ९५ ला २४, ९९ ला १२०. शेवटच्या पाच टक्क्यांत काय होतं ते बघा. लोडबरोबर वेळ सरळ रेषेत वाढत नाही, आणि तुमच्या वरिष्ठांच्या डोक्यात सरळ रेषाच असणार, "२८ टक्के शिल्लक म्हणजे २८ टक्के सुख शिल्लक".

पण तुमच्या प्रश्नाला हे मॉडेल योग्य नाही, कारण शेड्युलर एकाचं पूर्ण डाउनलोड संपवून मग दुसऱ्याला घेत नाही, तो सगळ्यांना थोडं थोडं वाटत राहतो. याला प्रोसेसर शेअरिंग म्हणतात. इथे ज्याला फाइल उतरवायची आहे त्याला लागणारा सरासरी वेळ = फाइलचा आकार भागिले [रिकाम्या सेलचा स्पीड × (१ वजा लोड)]. म्हणजे ग्राहकाला जाणवणारा स्पीड हा रिकाम्या सेलचा स्पीड गुणिले शिल्लक टक्केवारी एवढाच असतो. तुमचा ३० एमबीपीएस, लोड ७२, तर ३० × ०.२८ = ८.४ एमबीपीएस. "सेल ७२ टक्के भरलाय" याचा ग्राहकाच्या बाजूने अर्थ "स्पीड ७२ टक्क्यांनी पडलाय" असा आहे. नियम ७५ टक्क्यांचा ठेवणं म्हणजे आपणच ठरवणं की रिकाम्या सेलच्या पाव स्पीडपर्यंत आम्ही काही करणार नाही.

या मॉडेलची एक फार सुंदर गोष्ट आहे. फाइली लहान आहेत की मोठ्या, त्यांची वाटणी कशी आहे याने हे सरासरीचं सूत्र बदलत नाही, फक्त एकूण लोड लागतो. अर्लांग-बीलाही असाच गुण आहे, कॉल किती लांब याची फक्त सरासरी लागते, म्हणून ते टेबल इतकी वर्षं टिकलं.


मंद्या

मी या क्षेत्रातला नाही, एक बाळबोध प्रश्न. ही रांग असते कुठे? टॉवरवर? फोनमध्ये? आणि ही एसटी स्टँडच्या तिकीट खिडकीसारखीच रांग आहे का?


सईसखी

@मंद्या, बाळबोध अजिबात नाही. मी स्वीडनमध्ये शेड्युलरच्या सॉफ्टवेअरवर काम करते म्हणून उत्तर देते.

डाउनलोडची रांग बेस स्टेशनच्या मेमरीत असते, प्रत्येक फोनसाठी वेगळी, आणि एकाच फोनचीही सेवेप्रमाणे वेगळी. व्होल्टीईचा (फोरजीवरच्या साध्या कॉलचा) आवाज एका रांगेत, बाकी इंटरनेट दुसऱ्या रांगेत. अपलोडची रांग तुमच्या फोनमध्येच असते आणि फोन बेस स्टेशनला कळवत राहतो की माझ्याकडे अंदाजे इतके बाइट साठलेत.

तिकीट खिडकीचं उदाहरण धरू, पण एक बदल करून. खिडकी एकच आहे आणि आतल्या कारकुनाचा वेग समोर कोण उभं आहे त्याप्रमाणे बदलतो. टॉवरजवळच्या माणसाचं तिकीट क्षणात फाटतं, लांब भिंतीआडच्या माणसाचं त्याच तिकिटाला पंचवीसपट वेळ लागतो. शिवाय तोच माणूस दोन पावलं सरकला की त्याचा वेग बदलतो. वायर्ड नेटवर्कमध्ये लिंकचा वेग ठरलेला असतो, इथे तो फोनगणिक आणि क्षणागणिक वेगळा. फोन आपल्या चॅनलची अवस्था ० ते १५ अशा एका आकड्याने सतत कळवतो, त्याला सीक्यूआय म्हणतात.

हे आकड्यांत बघा म्हणजे रेडिओवालांनाही उपयोग होईल. दहातली नऊ पॅकेट जवळच्यांची, त्यांना ५० एमबीपीएस मिळतो, आणि एक पॅकेट सेलच्या कडेच्या माणसाचं, त्याला २ एमबीपीएस. १५०० बाइटचं पॅकेट जवळच्याला ०.२४ मिलिसेकंदात जातं, कडेच्याला ६ मिलिसेकंद लागतात. दहा पॅकेटांना एकूण वेळ ९ × ०.२४ म्हणजे २.१६ अधिक ६, झाले ८.१६ मिलिसेकंद. त्यातले ६ एकट्या त्या पॅकेटचे! दहा टक्के ट्रॅफिकने जवळजवळ तीन चतुर्थांश हवा खाल्ली. आणि सेलचा खरा स्पीड? साधी सरासरी काढली तर ४५ येते, पण खरा हिशोब १ लाख २० हजार बिट भागिले ८.१६ मिलिसेकंद, म्हणजे १४.७ एमबीपीएस. प्लॅनिंगच्या शीटमध्ये साधी सरासरी घातलेली असेल तर तिथेच तिप्पट फरक पडला.


गणितवेडी

सई, हे उदाहरण मी वर्गात वापरणार आहे. त्याच आकड्यांवर पुढची पायरी लिहिते.

समजा शेड्युलर नाही, सगळी पॅकेट एकाच रांगेत आलेल्या क्रमाने जातायत, जसं साध्या वायफाय राउटरमध्ये बरेचदा होतं. मग पोलाचेक-खिंचिन सूत्र लागतं. ते सांगतं की रांगेत थांबण्याचा वेळ फक्त सरासरी सेवावेळेवर ठरत नाही, सेवावेळ किती खालीवर होतो यावरही ठरतो. सईच्या आकड्यांत सरासरी सेवावेळ ०.८१६ मिलिसेकंद आहे. सगळ्यांना बरोबर ०.८१६ च लागले असते तर ७० टक्के लोडला सरासरी ०.९५ मिलिसेकंद थांबावं लागलं असतं. पण इथे बहुतेकांना ०.२४ आणि एखाद्याला ६ लागतात, तेव्हा त्याच ७० टक्क्यांना थांबण्याचा वेळ ५.२ मिलिसेकंद येतो. सरासरी तीच, लोड तोच, आणि थांबणं साडेपाच पट. नुसतं युटिलायझेशन बघणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

म्हणून वायरलेसमध्ये प्रत्येकाची रांग वेगळी ठेवणं हीच पहिली मोठी सुधारणा आहे.


डेटावाला

थोडा विरोधी सूर लावतो. ही सगळी सुंदर सूत्रं पॉयसॉन धरून आहेत. १९९३-९४ मध्ये बेलकोअर या अमेरिकी टेलिकॉम संशोधन संस्थेच्या इथरनेटवर मोजलेल्या ट्रॅफिकवरून लेलँड, टाक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी दाखवलं की इंटरनेटचं ट्रॅफिक सेल्फ-सिमिलर असतं, म्हणजे सेकंदाच्या पट्टीवर बघा की मिनिटांच्या, ते तितकंच उसळतं, सरासरीत सपाट होत नाही. पॉयसॉन असतं तर लांब पट्टीवर शांत दिसलं असतं. मग एम/एम/१ वरून बफर (रांग साठवणारी मेमरी) ठरवला तर तो तोंडावर आपटणार. मी तर थेट सिम्युलेशन करतो, सूत्रांच्या नादी लागत नाही.


गणितवेडी

@डेटावाला, पॅकेटांबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण १९९५ मध्ये पॅक्सन आणि फ्लॉइड यांनी पॉयसॉन कुठे फसतो हे दाखवणारा जो अभ्यास केला त्यातच हेही आहे की माणसाने सुरू केलेली सेशन्स, म्हणजे "आता मी बसलो आणि लॉगिन केलं" हे क्षण, तासाभराच्या पट्ट्यात पॉयसॉनला चांगले बसतात. वेगवेगळी माणसं एकमेकांना न विचारता फोन उचलतात म्हणून. बसत नाहीत ती एका सेशनच्या आतली पॅकेटं.

आणि म्हणूनच मी वर प्रोसेसर शेअरिंग सुचवलं. त्याला फक्त फाइली किंवा सेशन पॉयसॉन हव्यात, आकार कितीही बेभरवशाचे चालतात. पॅकेटाच्या पातळीवर मॉडेल केलं की तुमचा आक्षेप लागू, फ्लोच्या, म्हणजे पूर्ण फाइल किंवा सेशनच्या पातळीवर केलं की बराचसा सुटतो. सिम्युलेशन जरूर करावं, पण सूत्र हाताशी नसेल तर सिम्युलेशनने दिलेला आकडा बरोबर आहे की कोडमध्ये गोंधळ आहे हे कशावरून कळणार?


डेटावाला

हा मुद्दा पटला. फ्लोच्या पातळीवर मी विचार केला नव्हता, माझं सगळं काम बफरच्या आकारावर आहे. तिथे मात्र पॅकेटच मोजावी लागतात.


रेडिओवाला_पुणे

गणितवेडी ताई, सई, दोघींचेही मनापासून आभार. ८.४ चा आकडा बघून बरं वाटलं पण प्रत्यक्षात ३ मिळतोय, तेव्हा अजून काहीतरी निसटतंय. म्हणून आज पंधरा-पंधरा मिनिटांचे काउंटर (सेलने स्वतः मोजून ठेवलेले आकडे) काढले. आकडे गोल करून देतो: ५०, ५८, ८८, ९२. सरासरी ७२ च.


गणितवेडी

मग मिळालं की उत्तर. शेवटच्या दोन पट्ट्यांत ३० × ०.१२ = ३.६ आणि ३० × ०.०८ = २.४. तुमची ३ ची स्पीड टेस्ट दहानंतरची असणार. आणि लक्षात घ्या की जास्तीत जास्त ग्राहक त्याच अर्ध्या तासात होते, म्हणजे ७२ ही सेलची सरासरी आहे, ग्राहकाच्या अनुभवाची सरासरी त्यापेक्षा वाईट आहे. लोड आणि वेळ यांचा संबंध वक्र असला की आधी लोडची सरासरी काढून मग सूत्रात घालायची नसते, प्रत्येक पट्टीत सूत्र लावायचं आणि मग ग्राहकांच्या संख्येने भारित सरासरी काढायची.


सईसखी

याच्यात आणखी एक भर, कारण वरिष्ठ हा प्रश्न नक्की विचारतील. रिकाम्या सेलचा ३० हा आकडा पहाटेचा आहे. रात्री दहाला शेजारचे सेलही भरलेले असतात, ते सतत बोलत असतात, त्यांच्या सिग्नलचा अडथळा, म्हणजे इंटरफिअरन्स, तुमच्या ग्राहकांवर पडतो, सीक्यूआय उतरतो आणि तेवढाच डेटा पाठवायला जास्त ब्लॉक लागतात. म्हणजे शेजाऱ्याचा लोड वाढला की तुमच्या सेलचा सर्व्हर हळू होतो, तो हळू झाला की तुमचा लोड वाढतो आणि तुम्ही शेजाऱ्याला त्रास द्यायला लागता. गणितात याला कपल्ड क्यू म्हणतात आणि दोनच रांगा असल्या तरी त्याचं नेमकं उत्तर काढणं फार जड जातं. व्यवहारात दोन टोकं काढतात, शेजारी पूर्ण शांत धरून एक आणि शेजारी पूर्ण भरलेले धरून दुसरं, खरं उत्तर मधे असतं. तुम्ही दहाच्या सुमाराचा सीक्यूआय आणि पहाटेचा सीक्यूआय शेजारी शेजारी ठेवा.

उलट बाजूही सांगते नाहीतर अहवालावर टीका होईल. युटिलायझेशन ९५ असूनही सगळे सुखात असू शकतात. एकच माणूस मोठी फाइल उतरवत असेल आणि बाकी कोणाला काही नको असेल तर शेड्युलर सगळे ५० ब्लॉक त्यालाच देणार, ते योग्यच आहे, रिकामे ठेवून काय करायचं. म्हणून युटिलायझेशनबरोबर "एका वेळी बफरमध्ये डेटा असलेले सरासरी युजर किती" हा काउंटरही लावा. प्रोसेसर शेअरिंगमध्ये ही संख्या लोड भागिले (१ वजा लोड) येते, ९२ टक्क्यांना साडेअकरा. मोजलेली संख्या याच्या जवळ असेल तर मॉडेल तुमच्या सेलला लागू पडतंय.


जुना_एक्सचेंजवाला

वा! आमच्या वेळी एंगेज टोन मोजायचो, तुम्ही बफर मोजता. सई बाई, एक विचारतो, शेड्युलर कोणाला आधी घ्यायचं ते ठरवतो कसा? आमच्याकडे हे कामच नव्हतं, जो आधी आला त्याला सर्किट.


सईसखी

काका, मला नुसतं सई म्हणा.

सगळ्यात जास्त वेग ज्याचा, त्यालाच दरवेळी घेतलं तर सेलचा एकूण डेटा सर्वाधिक जातो, पण कडेचा माणूस उपाशी राहतो. सगळ्यांना सारखा स्पीड द्यायचा ठरवलं तर वरच्या हिशोबासारखी सगळी हवा कडेच्या माणसावर खर्च होते. मधला रस्ता म्हणजे प्रपोर्शनल फेअर. प्रत्येक फोनचा आत्ताचा संभाव्य वेग भागिले त्याला गेल्या काही काळात मिळालेला सरासरी वेग, हे गुणोत्तर ज्याचं जास्त त्याला ब्लॉक. म्हणजे माणूस लांब असला तरी त्याच्या स्वतःच्या मानाने चॅनल चांगला झाला की त्याचा नंबर लागतो. या न्यायाची गणिती मांडणी फ्रँक केली यांनी १९९७ मध्ये केली आणि २००० च्या सुमारास क्वालकॉमच्या सीडीएमए डेटा प्रणालीत ते प्रत्यक्ष वापरात आलं. आजचे बहुतेक शेड्युलर त्याचीच सुधारित रूपं आहेत.

पण यात एक उणीव आहे, हे सूत्र रांगेकडे बघतच नाही. कोणाच्या बफरमध्ये किती साठलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे सगळ्यांचा डेटा झेपण्यासारखा असूनही एखाद्याची रांग वाढतच जाईल अशी उदाहरणं रचता येतात. याचं उत्तर आधीच, १९९२ मध्ये, तासिउलास आणि एफ्रेमिडीस यांनी देऊन ठेवलं होतं, त्याला मॅक्स-वेट म्हणतात. रांगेची लांबी गुणिले आत्ताचा वेग, ज्याचा गुणाकार मोठा त्याला संधी. एकाच्या रांगेत १० पॅकेट आणि वेग ५०, गुणाकार ५००. दुसऱ्याच्या रांगेत ४०० पॅकेट आणि वेग २, गुणाकार ८००, तर दुसऱ्याचा नंबर. आणि नवल असं की ट्रॅफिक किती येणार, चॅनलची वाटणी कशी, यातलं काहीही आधी माहीत नसताना हा नियम सगळ्या रांगा आटोक्यात ठेवतो, जर त्या आटोक्यात ठेवणं कुठल्याही नियमाने शक्य असेल तर. मी पहिल्यांदा ही सिद्धता वाचली तेव्हा परत परत वाचली. एवढं कमी माहीत असून एवढी मोठी हमी!

हमी रांग फुटणार नाही याची आहे, वेळेवर पोचण्याची नाही. व्होल्टीईचं पॅकेट दर २० मिलिसेकंदाला एक येतं, त्याची रांग कधी लांब होतच नाही, तेव्हा मॅक्स-वेट त्याच्याकडे दुर्लक्ष करेल. म्हणून आवाजाला १०० मिलिसेकंदाची मुदत आणि थेट अग्रक्रम दिलेला असतो, आणि मुदत जवळ आली की वजन वाढवणारे नियम वापरतात.


डेटावाला

यावरून आठवलं, बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की साधा फोन कॉल स्वच्छ लागतो पण ॲपवरचा व्हिडिओ कॉल त्याच जागी तुटतो. कारण हेच. व्होल्टीईची रांग वेगळी, ॲपचा कॉल मात्र बाकी इंटरनेटच्या रांगेत. त्याच फोनवर मागे काही डाउनलोड चालू असेल तर कॉलची पॅकेट त्या डाउनलोडच्या मागे उभी राहतात. बफर १ मेगाबाइटचा आणि कडेला बसून तुम्हाला २ एमबीपीएस मिळतोय, तर ८० लाख बिट भागिले २० लाख, ४ सेकंद! पॅकेट हरवलं नाही, युटिलायझेशनमध्ये काही दिसलं नाही, पण कॉल मेला. याला बफरब्लोट म्हणतात. निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल आणलं, ते रांगेची लांबी बघतच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ होतं ते बघतं, ५ मिलिसेकंदाच्या वर थांबणं १०० मिलिसेकंद चालू राहिलं की पॅकेट टाकायला सुरुवात करतं म्हणजे पाठवणारा आपोआप हळू होतो. वायरलेससाठी हे फार शहाणपणाचं आहे, कारण वेग सतत बदलत असताना "इतकी पॅकेट म्हणजे लांब रांग" असं ठरवताच येत नाही.


मंद्या

खूप कळायला लागलंय. मग अजून एक. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडला फोनवर टॉवर फुल्ल दिसतो, पण साधा मेसेजही जात नाही. तेव्हाही हीच रांग का?


रेडिओवाला_पुणे

@मंद्या, याचं उत्तर मी देतो, हे आमच्या रोजच्या जेवणातलं आहे. तिथे बरेच फोन रांगेपर्यंत पोचतच नाहीत. फोन शांत असला की त्याचं बेस स्टेशनशी कनेक्शन सुटलेलं असतं. मेसेज पाठवायचा तर आधी हात वर करावा लागतो, त्यासाठी ६४ ठरलेल्या खुणा असतात, प्रिअँबल म्हणतात, त्यातल्या साधारण ५४ सगळ्यांसाठी खुल्या. फोन त्यातली एक नेम न धरता निवडतो. दोघांनी एकाच क्षणी एकच निवडली की टक्कर, दोघंही थोडं थांबून परत प्रयत्न करतात. १९७१ च्या सुमारास हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी अलोहा नावाचं रेडिओ नेटवर्क चालवलं, मूळ कल्पना तीच.

एका संधीला २० फोनांनी हात वर केला तर सरासरी १४ जणांचं काम होतं. ५४ जणांनी केला तर २० जणांचं, ही कमाल मर्यादा. आणि २०० जणांनी केला तर? पाचाचंही नाही. गर्दी वाढली की यशस्वी होणारे कमी होतात, आणि अपयशी परत परत येतात म्हणून गर्दी अजून वाढते. टॉवर फुल्ल दिसतो कारण ती खूण फक्त टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवते. उपाय म्हणून काही टक्के फोनांना काही काळ प्रयत्नच करू नका असं सांगावं लागतं. ऐकायला वाईट वाटतं, पण २०० ऐवजी ५० जणांना सोडलं तर चौपट लोकांचं काम होतं.


जुना_एक्सचेंजवाला

हे आमच्याकडेही व्हायचं. दिवाळीच्या रात्री ट्रंक (एक्सचेंजांना जोडणाऱ्या लाइनी) भरले की लोक सतत डायल करत बसायचे आणि त्या नुसत्या प्रयत्नांनीच एक्सचेंज दमायचं. अर्लांगचं सूत्र परत प्रयत्न करणारा ग्राहक धरत नाही, म्हणून गर्दीच्या दिवशी टेबलातल्या आकड्याहून जास्तच ब्लॉकिंग मिळतं.


रेडिओवाला_पुणे

अहवालाचा मसुदा तयार होतोय. युटिलायझेशनच्या जागी पंधरा मिनिटांच्या पट्टीतला ग्राहकाला मिळणारा स्पीड हा निकष सुचवतोय, ५ एमबीपीएसच्या खाली दोन पट्ट्या गेल्या की प्रस्ताव. शेवटची शंका. समजा कॅरिअर मंजूर झाला, तर दोन १०-१० मेगाहर्ट्झचे कॅरिअर वेगळे चालवणं आणि कॅरिअर ॲग्रिगेशनने एकत्र चालवणं यात या मॉडेलप्रमाणे फरक किती?


गणितवेडी

काकांच्या ७ आणि १४ चॅनलचीच गोष्ट. दोन वेगळे, प्रत्येकी ३० एमबीपीएस, लोड ८० टक्के: ग्राहकाला ६. दोन्ही एकत्र, ६० एमबीपीएस, लोड तोच ८०: ग्राहकाला १२. स्पेक्ट्रम तेवढाच, ट्रॅफिक तेवढंच, स्पीड दुप्पट. अट एवढीच की ग्राहकाच्या फोनला ॲग्रिगेशन चालायला हवं.


सईसखी

आणि हॉस्टेलात सगळ्यांकडे तसे फोन नसतील. तेव्हा जुन्या फोनांचा वाटा किती ते काढा, त्यांना दोन कॅरिअरमध्ये समान वाटण्याची सेटिंग आधी लावा, नाहीतर एकाच कॅरिअरवर गर्दी होईल आणि महिनाभराने परत हाच सेल तक्रारीत येईल. दहाच्या सुमाराचा सीक्यूआय मिळाला का?


रेडिओवाला_पुणे

मिळाला. पहाटे सरासरी ११, रात्री दहाला ८. शेजारच्या दोन सेक्टरचे काउंटरही मागवलेत, आले की इथेच टाकतो.